टेस्टरमधला दाण्याएवढा दिवा

टेस्टरमधला दिवा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. काल तो मला पहिल्यांदाच नीट दिसला.

वस्तीतल्या मुलांना वायरिंग शिकवणाऱ्या बाई फॉर्म घेऊन माझ्या दुकानात आल्या होत्या. शिकवण्याचा उपयोग होतो, असं आम्ही दुकानदारांनी लिहिलं तरच त्यांचा वर्ग पुढे चालणार होता.

"तीन महिने शिकवून पोरांना धड वायर सोलता येत नाही!" मी तापलो. मला कुणी तीन दिवसही शिकवलं नव्हतं, हा राग जुनाच.

त्यांच्याच वर्गातून माझ्याकडे कामाला आलेली शबाना भिंतीवरचा बोर्ड उघडत होती. त्या बोर्डाचा फ्यूज काढलेला होता. तरी तिने टेस्टर आधी शेजारच्या चालू प्लगमध्ये घातला, दिवा लागलेला पाहिला आणि मगच तो बोर्डातल्या तारेला लावला.

"हे काय नवीन?"

"टेस्टरच बिघडलेला असला तर, शेठ? बाईंनी सांगितलंय."

तिच्या वयाचा असताना मी बिघडलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून माझ्या उजव्या अंगठ्याला काही जाणवत नाही. एवढं एक वाक्य सांगणारं माणूस मला भेटलं नाही. तिला भेटलं.

"आणा तो फॉर्म," मी म्हणालो. बधिर अंगठ्याने पेन दाबून धरलं आणि लिहिलं, 'वर्ग चालू ठेवा. वायर सोलायला मी येऊन शिकवतो.'