सायकलचं पिवळं कार्ड

नववीत असताना आमच्या शाळेत रगत तपासायला लोक आले व्हते. आमचं खेडं इस्लापूरच्या आतल्या अंगाला, शाळा लांब, पायी जाऊन जाऊन पोटऱ्या भरून यायच्या. त्याच साली सरकारच्या सायकली येणार येणार म्हणून आम्ही पोरी वाट बघून राहिलो व्हतो. बोटाला सुई टोचली, मागून दंडातलं बी रगत नेलं, आन काही दिवसांनी सरांनी मला एक पिवळं कार्ड दिलं. त्याच्यावर लिहिलेलं, सिकलसेल वाहक.

मी वाचलं सायकल वाहक. छापताना चुकलं असंल म्हणलं. एसटीत वाहक म्हंजे कंडक्टर, गाडी त्याच्या हवाली असती, तशी सायकल माझ्या हवाली. सर म्हणले, जपून ठेव, लग्न ठरवताना लागंल. मला वाटलं, सायकल सासरी न्यायला लागंल. पुढं बी ते काहीतरी सांगत व्हते, मी ऐकलंच न्हाई, मी मनातल्या मनात घंटी वाजवून राहिले व्हते.

आन खरंच सायकल मिळाली की. लांबून येणाऱ्या सगळ्याच पोरींना मिळाली, ते मला नंतर कळलं. मी कार्ड पुढं केलं तर वाटणाऱ्यानं बघितलं बी न्हाई, सही घेतली आन सायकल दिली. माय म्हणली, आता दळण तूच आणायचं.

दहावीत गणित गेलं, शाळा सुटली, अहमदपूरकडचं स्थळ आलं. आमच्यात पत्रिका बघत न्हाईत. पोराचं शिक्षण विचारलं, मामाचं गाव विचारलं, बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. रगताचं कुणी विचारलं न्हाई. सायकल धाकट्या बहिणीला दिली, कार्ड मायच्या पेटीत राहिलं. सायकलच नेत न्हाई तर कार्ड कशाला न्यायचं.

माझी लेक आठ महिन्यांची झाली तवा तिच्या हाताची बोटं फुगली, पायाची बी. हात लावू देईना. सासूबाई म्हणल्या, वारं शिरलं. मी तेल कढवून चोळलं. ती किंचाळायची आन मी चोळायची, बरं व्हायसाठीच चोळायची ना मी. सूज उतरली, परत आली. मग डोळे पिवळे पडले. कावीळ म्हणून माळ घातली, डोक्यावरनं माळ पोटापस्तोर आली, म्हंजे उतरली म्हणे. आसं करत लेक दीड वर्षाची झाली. एक दिवस तिचा श्वास लई भरभर चालाय लागला, ओठ पांढरे पडले, तवा आम्ही दोघं तिला घेऊन एसटीनं लातूरला निघालो. सगळ्या रस्त्यानं मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले.

दवाखान्यातल्या डाक्टर मॅडमनी कागदावर एक गोल काढला आन एक विळा. म्हणल्या, चांगलं रगत भाकरीवानी गोल असतंय, हिचं विळ्यावानी वाकडं व्हतंय, बारीक नसांत अडकतंय, म्हणून दुखतंय. मी विचारलं, हा आजार नवा निघाला का. त्या म्हणल्या, आजार लई जुना हाय बाई, लोकांना कळत नव्हता. शंभर वर्षांच्या वर झालं, अमेरिकेत एका डाक्टरनं एका आजारी विद्यार्थ्याचं रगत दुर्बिणीखाली बघितलं, तवा पहिल्यांदा हे विळे दिसले.

शंभर वर्षं. जगाला शंभर वर्षांपासून माहीत, आन मी तेल चोळत व्हते.

मी नाव विचारलं. त्या म्हणल्या, "सिकलसेल. आई-बाप दोघं वाहक असले की लेकराला व्हऊ शकतो. तुमची आधी कधी तपासणी झाली व्हती का?"

पिवळ्या कार्डावर हेच नाव व्हतं. बाजूला हे उभे. मी म्हणलं, न्हाई.

लेकीला रगत चढवलं, ती जरा हसाय लागली. आमचं दोघांचं बी रगत तपासलं, दोघं बी वाहक निघालो. कार्डाचं मात्र मी ह्यांना अजून सांगितलं नव्हतं. तेवढ्यात मायचा फोन आला, बहिणीला भोकरकडचं स्थळ आलंय, रविवारी सुपारी. म्हणली, लेकराच्या आजाराचं कुठं बोलू नको, सोयरीक मोडंल.

मी म्हणलं, बहिणीला दे. तिला विचारलं, शाळेत कार्ड मिळालं व्हतं का.

"हाव ताई, पिवळंच. तुझ्या कार्डासंगं ठेवलंय पेटीत. जुन्या सायकलचं असंल म्हणलं."

मी म्हणलं, फोन मायला दे. मायला म्हणलं, सोयरीक मोडू नको, पण पोराचं रगत बघितल्याबिगर सुपारी फोडू नको. माय मग म्हणली, काय म्हणून सांगू त्यांना?

"माझं सांग. माझ्या लेकीचं सांग."

फोन ठेवला तर हे पाठीमागं उभे, सगळं ऐकलेलं. मग मी सांगितलं, सर म्हणलेलं, सायकल, सगळं एका दमात. ते मग म्हणले, "सायकल सासरी न्यायला लागंल वाटलं व्हय तुला." हसाय गेले आन तोंड फिरवलं.

रविवारची सुपारी थांबलीय. पोराच्या रगताचा निकाल अजून आला न्हाई, माय माझ्याशी नीट बोलत न्हाई. लेकीला घरी आणलंय, तिला मी घोटघोट पाणी पाजून राहिले, मॅडमनी सांगितलंय तसं. तेलाची वाटी मात्र मी फळीवरनं काढून टाकली. ती दिसली की लेक अजून बी हात पाठीमागं लपवायची.