डांबरातलं उखळ

कोपरीतल्या आमच्या आळीत डांबर आलं ते माझ्या अर्जामुळे. स्वातंत्र्याच्या वर्षी मी शाळामास्तर म्हणून इथे राहायला आलो, तेव्हा आळी म्हणजे मिठाच्या बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. घरमालकीणबाईंची सासू नवरी होऊन आली तेव्हा तर दोनच घरं होती म्हणे, बाकी भाताची खाचरं. पुढे खाचरांत चाळी उठल्या, आम्ही भाडेकरू आलो आणि आम्हाला चिखल खुपू लागला. अर्जात मी त्या चिखलाचं असं वर्णन केलं, की वाचताना नगरपालिकेच्या साहेबांनी धोतर वर धरलं असावं.

खडी पडली, रोलर आला, आणि मालकीणबाई पाट घेऊन आपल्या दारापुढे, भर रस्त्यात बसल्या. नातीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. मांडवाची पहिली मेढ, म्हणजे मुहूर्ताचा खांब, दारापुढच्या ठरलेल्या खड्ड्यातच रोवायची. त्या घरातल्या प्रत्येक लेकीची तिथेच रोवली होती.

"आजी, उठा. डांबर गार होतंय," मुकादम म्हणाला.

"होऊ दे. माजे नातीची मेढ काय तुज्या डोक्यात रोवू?"

"डब्यात वाळू भरा, त्यात उभी करा."

"डब्यात तुळस लावतात रं, लगीन नाय!" मग मान माझ्याकडे वळली. "काय रं मास्तर, अर्ज तूच लिवलास ना? आता बोल!"

गणपतीच्या नाटकांत मी राजाची कामं करतो. त्या दिवशी एक वाक्य आठवेल तर शपथ.

बोलली ती खडी पसरणारी एक बाई. "म्हातारे, घरात उखळ हाय नव्हं? गाड की हितं काठापतूर."

उभा जन्म मालकीणबाईंनी त्या उखळात भात कांडला होता. पाट उचलत त्या म्हणाल्या, "आना रं."

चौघांनी ते दगडी उखळ बाहेर आणलं, खड्ड्यात बसवलं. डांबर काठाशी येऊन थांबलं. पंधरा दिवसांनी मेढ त्यात ताठ उभी राहिली आणि मुकादम पंगतीत दोनदा भात मागत होता.

आता त्या उखळात सायकलींची चाकं जातात. पहिली आपटली ती माझीच. शेजारी म्हणतात, "मास्तर, ते बुजवायचा अर्ज तुम्हीच लिहा."

मालकीणबाईंच्या धाकट्या नातीचं लग्न अजून व्हायचंय. मी बोटं चोळत सांगतो, हल्ली माझं अक्षर फार बिघडलंय.