मौनीबाबांचा गट

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. बायकोलाही कधी सांगितलं नाही.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका सरांना मुलं मौनीबाबा म्हणत. ऐंशीच्या दशकात आमच्या उपनगरातल्या मेडिकल कॉलेजात एक प्रयोग सुरू झाला होता. आठ मुलांच्या गटाला एका रोग्याची हकिगत द्यायची. प्रश्न मुलांनी काढायचे, उत्तरंही त्यांनीच शोधायची. शिक्षकाने व्याख्यान द्यायचं नाही. आम्ही बाकीचे शिक्षक दहा मिनिटांत खडू उचलायचो. मौनीबाबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. "हात मोकळे राहिले की फळ्याकडे धावतात रे," म्हणत.

आदल्या संध्याकाळी ते माझ्याबरोबर सगळी हकिगत उलगडून बघत. मला येत नसे तेवढं त्यांना पाठ असे. "मुलं कुठे चुकतील, तिथे आधी आपण चुकून बघू."

एकदा पाय सुजलेल्या बाईची हकिगत होती. मुलं दोन दिवस मूत्रपिंडामागे लागली. एक मुलगी वैतागून म्हणाली, सर, माहीत आहे ना तुम्हाला, मग सांगून टाका ना. मौनीबाबा म्हणाले, "उद्या तुझ्या पेशंटसमोर मी थोडाच असणार आहे? ही बाई झोपताना किती उशा घेते, ते कोणी विचारलं का?" आडवं झालं की बाईला दम लागतो, हे धरून तिसऱ्या दिवशी त्याच मुलीने हृदयाचा आजार ओळखला.

पण परीक्षा जवळ आली आणि मुलं घाबरली. सरांना विषयच येत नाही म्हणून ते गप्प बसतात, असा अर्ज प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांनी मला बोलावलं. आम्ही दोघेही हंगामी, कायम जागा एकच. नाहूरच्या एका खोलीत आईवडील, मी आणि दिवस गेलेली बायको.

"त्यांना येतं का हो?" प्राचार्यांनी विचारलं.

"मला नक्की सांगता येणार नाही, सर."

जूनमध्ये जागा मला मिळाली, त्यांची नेमणूक झाली नाही. जाताना त्यांनी हकिगतींची वही माझ्या हातात दिली. "तू चालव." मी ती कपाटात घातली आणि निवृत्त होईपर्यंत फळ्यावर लिहीत राहिलो. ती नोकरी सोडावीशी कितीदा वाटली, सोडली नाही.

पुढे गोरेगावला त्यांचा दवाखाना असल्याचं कळलं. गेलो, रांगेत बसलो. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की बाहेरून चहा मागवला. मी म्हणालो, गुडघा दुखतो. त्यांनी खाली बसून नीट तपासला.

"गुडघा ठणठणीत आहे. मग आलास कशाला?"

"इकडे एक काम होतं," मी म्हणालो.

त्यानंतर वर्षभरात ते गेले. काम राहूनच गेलं.