नऊच्या आधीचं रेकॉर्डिंग

बाबांनी मला दिलेला रेडिओ सदोष होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

काड्यापेटीएवढी डबी, लॅपटॉपला जोडायची. आलेली लहर ती दोन वाटांनी आत घेते. दोन्ही वाटा सारख्या जोराच्या हव्यात, एकमेकींशी काटकोनात हव्यात. या स्वस्त मालात एक वाट जराशी जोरात आणि कोन जरासा कललेला. त्यामुळे पडद्यावर डावीकडे एखादं तगडं स्टेशन आलं, की उजवीकडे तेवढ्याच अंतरावर त्याचं भूत उमटतं. तिथे कुणी खरंच हळू बोलत असेल तर ते त्याखाली दबतं.

मी म्हटलं, फेका आणि चांगला घ्या. मी एका संघटनेची पत्रकं लिहिते. माझ्या पत्रकात सरकारी योजनेचा दोष दाखवला की पुढची ओळ ‘बदला’ हीच असते. बाबांची हयात सरकारी वायरलेसमध्ये गेली. ते म्हणाले, “फेकायचं कशाला? किती चुकतंय ते मोज, तेवढंच वजा कर. दोन आकड्यांचं काम आहे.”

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून रोज सकाळी ते त्यांच्या हौशी रेडिओच्या परवान्यावर पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याशी गप्पा मारत. गच्चीवर एरियलची नवी तार बांधली तेव्हा मला सांगितलं, रविवारी तुझ्या गाझियाबादच्या घरून रेकॉर्ड कर, कशी पोचते त्याचा रिपोर्ट दे.

त्याच आठवड्यात आमचं वाजलं. क्वार्टर पाडणार होते, आणि तिथल्या घरकामाच्या बायका पुनर्वसनाच्या कुठल्याच यादीत नव्हत्या. त्यावरचं माझं पत्रक बाबांनी पेन्सिल घेऊन वाचलं. दोन आकडे दुरुस्त केले आणि म्हणाले, बाकी बिल्कुल बरोबर. मला दोन आकडेच ऐकू आले. मी म्हणाले, तुम्ही सरकारी माणूस, तुम्ही आकडेच तपासणार. रोज सकाळी नऊला मी त्यांना फोन करायचे, तो बंद केला.

रविवारी रेकॉर्डिंगचं बटण तेवढं दाबलं, केलं एवढं म्हणता यावं म्हणून, आणि मीटिंगला निघून गेले. गुरुवारी बाबा ऑफिसातच वारले.

माणूस गेल्याची नोंद करून घ्यायला आईला तीन खेपा घालाव्या लागल्या. गच्चीवरची ‘अनधिकृत तार’ उतरवा ही नोटीस मात्र पहिल्याच आठवड्यात आली. अजून डोकं फिरतं.

ती फाइल मी यंदा उघडली. डावीकडे कुठलंसं परदेशी बातम्यांचं स्टेशन ठणाणा करत होतं, उजवीकडे त्याचं भूत, आणि भुताखाली एक बारीक रेघ. आधी मी खरखर काढायची सगळी बटणं दाबली. भूत गेलं, रेघही गेली. मग सगळं पूर्ववत करून बाबांचे दोन आकडे घेतले, एक जोराचा, एक कोनाचा. कच्चं रेकॉर्डिंग असल्यामुळे नंतरही दुरुस्त करता येतं, हे त्यांनीच सांगितलेलं. पहिला आकडा केसभर हलवला, बातम्या मंदावल्या. दुसरा हलवला आणि बाबा खोकले.

ते तारेबद्दल बोलत होते, गुडघ्याबद्दल बोलत होते. माझं नाव निघालं नाही, पत्रकाचंही नाही. मग म्हणाले, “चल, आवरतो. नऊ वाजत आले, पोरगी फोन करेल.”

त्यानंतर नुसती खरखर. मीटिंगहून येईपर्यंत मी रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं, म्हणून पुढचंही ऐकत बसले. पडद्यावरचं घड्याळ नऊ पस्तीसवर आलं तेव्हा ती रेघ पुन्हा उमटली.

“आहेस का रे अजून? मी मोकळाच आहे.”

पुण्याहून उत्तर नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, मग सेट बंद केला.

त्यांनी रिपोर्ट मागितला होता. नवी तार गाझियाबादपर्यंत नीट पोचते.