बुडवलेले घड

सोव्हिन्यों ब्लां नावाच्या पांढऱ्या वाइनला हिरव्या पेरूचा वास येतो, थोडा ताज्या कापलेल्या गवताचा. वाइनरीत आलेल्या पाहुण्यांना हे मी हसून सांगते. मला स्वतःला तो वास आता सहन होत नाही.

दिंडोरीकडे आमची खायच्या द्राक्षांची बाग होती, थॉमसन जातीची. ती काढून याच वाइनची द्राक्षं लावा, हा हट्ट माझा. मी नुकतीच वाइनरीच्या लॅबमध्ये लागले होते आणि चार बुकं शिकल्याचा माज होता. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐकलं. गळ्यात माळ, दारूला कधी शिवले नाहीत, तरी मुलीसाठी दारूची द्राक्षं लावली. गावानं नावं ठेवली ती ठेवलीच.

पण नानांना खरी लाज वाटायची मण्यांची. वाइनचा मणी बारीकच हवा, कारण वास सालीत असतो. टपोऱ्या मण्यावर जन्मभर ज्याची पत ठरली, त्याला हे कसं पटावं? थॉमसनचे घड फुगावेत म्हणून ते जीए नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवतात. नानांनी मला न सांगता वाइनचे घडही तसेच बुडवले, एकेक, स्वतःच्या हातानं. या जातीचा घड आधीच गच्च. मणी फुगले, एकमेकांना दाबून फुटले आणि आतून सड धरली.

तोडणीच्या दिवशी गाडी वाइनरीच्या गेटवर आली तेव्हा माल तपासायला मीच होते. क्रेटमध्ये वर्तमानपत्र अंथरून नानांनी सगळ्यांत मोठे घड वर मांडले होते. एक घड मी मधोमध फोडला. आंबूस वास आला. वाइनरीचे साहेब शेजारीच उभे होते. बापाला सांभाळून घेते असं कुणी म्हणू नये म्हणून मी मुद्दाम आवाज चढवला.

"हा माल चालणार नाही. जीए लावायचं नाही, एवढं साधं कळत नाही का?"

एकदाही नाना म्हटलं नाही.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली. "बरं, मॅडम," म्हणाले आणि गाडीचं फाळकं लावून घेतलं.

घरी आई म्हणाली, "तुझ्या कंपनीत बापाचा माल उठून दिसावा, एवढंच होतं गं त्यांच्या मनात." मला रडू आलं, पण माफी मागायला जीभ रेटली नाही. उद्या बोलू, म्हणत राहिले. त्या उन्हाळ्यात नानांनी बाग तोडून टोमॅटो लावले. घरात वाइनचा विषय निघाला की ते उठून जायचे.

गेल्या हिवाळ्यात ते नाशिक रोडच्या दवाखान्यात होते. भ्रम झाला होता, आईलाही ओळखत नव्हते. मी कामावरून तशीच गेले, अंगात वाइनरीचा शर्ट. मला पाहून ते उठून बसायला धडपडले, हात डोक्यावर टोपी शोधू लागला.

"यंदा नाय बुडवले घड, मॅडम. फोडून बघा."

"नाना, मी आहे हो, मी."

त्यांनी हात जोडले. "लय लांबून आणलाय माल. परत नका पाठवू."

मी कितीदा नाना म्हटलं, ते मलाही आठवत नाही. शेवटी मीच म्हणाले, "माल चांगला आहे. घेतला."

तेव्हा कुठे ते आडवे झाले. पहाटे गेले. मॅडमनं माल घेतला, एवढंच घेऊन गेले.