बॅचमधली चौथी

सहामाहीचा गणिताचा पेपर पोरीने माझ्या हातात दिलाच नाही. फ्रिजवर ठेवला आणि हंडा घेऊन नळावर निघून गेली. त्या दिवशी आमच्या धाड गावात नळ येणारच नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. पेपर उघडला तर लाल शाईशिवाय त्यात दुसरं काही दिसेना.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण माझा चेहरा त्यांना बरोबर वाचता येतो. "दहावी निघाली तं शिकू द्या तिले," त्या म्हणाल्या, "नाही निघाली तं जालन्याकडचे ते पाहुणे बोलून ठेवू. लगन मंग करू, अठरा लागल्यावर." सोफ्यावर बसलेल्या ह्यांनी मोबाईलमधून डोकं वर न काढता हो म्हटलं.

बोलून ठेवणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. मीही दहावीत गणितातच गेले होते. तेव्हाही घरात असंच सोफ्यावर बसल्या बसल्या ठरलं होतं, फक्त सोफ्याच्या जागी सतरंजी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरीला शिकवणी लावायचीच, काहीही झालं तरी.

आधी बुलढाण्याला गेलो. चौकातल्या फ्लेक्सवर ज्या क्लासच्या मुलामुलींचे फोटो झळकत होते, तिथेच. एसटीत पोरीने पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून ठेवलं. क्लासच्या सरांनी तिला एक पेपर सोडवायला बसवलं आणि मला बाहेर बाकावर. थोड्या वेळाने ते आले, अगदी गोड बोलत. "ताई, बेस कच्चा आहे. दहावीला आम्ही असे विद्यार्थी घेत नाही. आमच्या निकालाचा प्रश्न असतो."

मी म्हटलं, "सर, जिले येते ती तुमच्याकडे येऊन काय करन?"

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र त्यांचा तो फ्लेक्स ओढून खाली पाडावासा वाटत होता. पोरीसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी स्टँडवर तिला भजी घेऊन दिली, तर तिने ती तशीच पिशवीत ठेवली.

गावात एकच आशा उरली होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक मुलगा राहतो, बीएस्सी झालेला, स्पर्धा परीक्षा देत असतो. गणित चांगलं आहे, स्वभावानेही गरीब. मी त्याच्या दारात गेले तर तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

"काकू, शिकवतो. पण एकट्या पोरीले नाही शिकवत मी. चारजणी आणा. चार असल्या की लोक क्लास म्हणतात. एक असली की मंग काही बी म्हणतात."

आतून त्याची आई म्हणाली, "बरोबर बोलून राह्यला तो. आम्हाले बी याच गावात राह्याचं हाय."

यात चूक काहीच नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. माणूस चुकीचं बोलला की निदान भांडता तरी येतं.

तर गणितात कच्च्या अशा आणखी तीन पोरी शोधायच्या. मला वाटलं, त्यात काय, वर्गातल्या अर्ध्या पोरी गणितात गेल्या आहेत. पण मी दारोदार फिरू लागले आणि गावातल्या सगळ्या पोरी एकाएकी हुशार झाल्या. एकीची आई म्हणाली, तिला पेपरच्या दिवशी ताप होता. दुसरीने विषयच बदलला आणि मला पापड दाखवायला आत घेऊन गेली. आमच्या शेजारणीच्या मुलीला माझ्या मुलीपेक्षाही कमी गुण होते, हे मला माझ्या मुलीने सांगितलं होतं. शेजारीण चहा पुढे करत म्हणाली, "आमच्या पोरीले कायची शिकवणी? तिले सगळं येते." मग मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा आवाज खाली करून म्हणाली, "तिले पाहून जाऊन राह्यले लोक. कच्ची हाय म्हणून कयलं तं कोण येईन? तू बी जास्त बोंबलू नको बाई."

मी घरी येऊन मोरीत बसले आणि दार लोटून पोटभर रडले. माझी पोरगी कच्ची आहे असं मी गावभर स्वतःच्या तोंडाने सांगून आले होते आणि हाती काहीच लागलं नव्हतं. आता हे जालन्याच्या पाहुण्यांपर्यंत गेलं तर बरंच होईल, असाही एक विचार मनात येऊन गेला.

दोघी मिळाल्या, त्या शेवटी. विहारामागे राहणाऱ्या आशाताईने मला वाक्यही पूर्ण करू दिलं नाही. "हाव, कच्ची हाय. कधीपासून पाठवू?" पंक्चरवाल्याने मात्र आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुलीला हाक मारली. तीन झाल्या. चौथी काही केल्या मिळेना, आणि तिकडे शाळेत सराव परीक्षांच्या तारखा लागल्या.

शेवटी तिघींना घेऊन मी त्या मुलाच्या दारात उभी राहिले. त्याने मोजलं. "काकू, चौथी?"

"मी हाय ना," मी म्हटलं आणि चपला काढून सतरंजीवर जाऊन बसले. माझ्या पोरीने शरमेने डोकं गुडघ्यांत घातलं. त्याच्या आईला हसू आवरेना, पण तिने नाही म्हटलं नाही.

त्याने फळ्यावर समीकरण लिहिलं. बरोबरच्या चिन्हापलीकडे संख्या गेली की अधिकचं उणे होतं, असं भराभर सांगितलं आणि विचारलं, "समजलं?"

तिन्ही पोरींनी एकदम मान हलवली. "हो सर."

ती मान मी ओळखली. शाळेची सगळी वर्षं मी अशीच मान हलवत काढली होती. मी हात वर केला.

"मले नाही समजलं. काऊन बदलते चिन्ह?"

पोरगी माझा पदर ओढत होती, हात खाली घे म्हणून. सरांनी फळ्यावर बाजारातला तराजू काढला, दोन पारड्यांचा. एका पारड्यातून पाच काढले तर दुसऱ्यातूनही पाचच काढावे लागतील, नाही तर काटा हलेल. पलीकडे काही जात नाही, दोन्हीकडून निघतं. एवढंच होतं ते. मी चाळिशीला आले, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"आता समजलं?" त्यांनी पुन्हा सगळ्यांना विचारलं.

दोघींच्या माना हलल्या. माझी पोरगी खालीच पाहत होती. पदर अजून तिच्या मुठीत होता.

"हे समजलं," ती हळूच म्हणाली. "पण बाकीचं सातवीपासून नाही समजलं सर."

सातवीपासून. म्हणजे सातवी, आठवी, नववी, तिन्ही वर्षं ती हो सर म्हणत आली होती. आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. मला धडकी भरली. सरांनाही भरली असावी. मग त्यांनी फळा पुसला.

"मंग सातवीपासून घेऊ," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काकू, तुमचं कुठून?"

"माझं पाचवीपासून," मी म्हटलं.

पोरीने पदर सोडला. वहीचं मधलं जोडपान काढलं, पेनही शोधून दिला आणि सतरंजीवर थोडी सरकून मला फळा दिसेल अशी जागा करून दिली.