वैनगंगेच्या बेटावरचा उमेदवार

नोकरीत पुष्कळ तपास केले. बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. बेपत्ता झालेल्या त्या उमेदवाराचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं आठवतं.

पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. मूल गावाकडच्या धानपट्ट्यात, वैनगंगेच्या काठावरच्या एका लहान ठाण्यावर मी नवा ठाणेदार होतो. कौलारू ठाणं, पुढे मोहाचं झाड, चार शिपाई, एक हवालदार आणि सरकारी सायकल. धानाची मळणी सुरू असली की सकाळी तणसाचा वास थेट माझ्या टेबलापर्यंत यायचा. तो वास आजही कुठे आला की मी त्या ठाण्याच्या ओसरीवर जाऊन पोचतो.

त्या वर्षी जनपद सभेची निवडणूक होती. तालुक्याच्या शाळा, रस्ते, दवाखाने ही सभा पाही. आमच्या भागातून जुना मालगुजार, म्हणजे गावांचा जमीनदार, उभा होता. मालगुजारी कायद्यानं संपली होती, तलाव सरकारजमा झाले होते. पण लोक त्याच्या वाड्यासमोरून जाताना अजून चपला हातात घेत. त्याच्याविरुद्ध एक ढीवर उभा राहिला. तलावात मासे धरणारा, पस्तिशीचा, चार माणसांत न अडखळता बोलणारा. बाजाराच्या दिवशी तो पाराजवळ उभा राहून म्हणे, "तलाव सरकारचा झाला. मंग आपन कोनाले भ्यायचं?" लोक हसत, पण ऐकायला थांबत.

मतदान तोंडावर आलं आणि हा माणूस नाहीसा झाला.

त्याची बायको सकाळी ठाण्यावर आली. सोबत तिचा थोरला दीर होता. ती म्हणाली, "साहेब, माया मानूस कालपासून घरी नाई आला. मालगुजारानंच काही केलं." दीर मान खाली घालून बसला होता. मी रपट लिहून घेतली, रोजनाम्यात नोंद केली आणि सायकल काढली.

मालगुजार ओसरीवर पान लावत होता. म्हणाला, "ठाणेदारसाहेब, त्याले पाडाले मले मतं पुरे आहेत. त्याले उचलून मी काऊन बदनाम होऊ?" घर, गोठे, धानाची कोठारं त्यानं स्वतः उघडून दाखवली. माणूस उर्मट होता. गावात त्याचे जुने जुलूम सगळ्यांना ठाऊक होते. पण खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या गोष्टी सांगत सुटतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता.

तीन दिवस गावकऱ्यांनी नदीकाठ धुंडाळला, शिपायांनी जंगलाच्या वाटा तपासल्या. हाती काही लागलं नाही. गावात कुजबुज वाढली. वाड्यावर दगड पडायला वेळ लागणार नाही अशी हवा होती. तेव्हा गावचा कोतवाल येऊन हळूच म्हणाला, "साहेब, थोरल्या भावाचा डोंगा रोज नदीतल्या बेटाकडे जाते. पन जाळं घरीच रायते."

मी थोरल्याला बोलावलं. हवालदाराला बाहेर बसवलं, चहा मागवला. हात उगारून माणूस बोलतो, पण खरं बोलतोच असं नाही. हे मी तोवर शिकलो होतो. इकडचं तिकडचं बोलून मी सहज विचारलं, "आज काय जेवला तुमचा भाऊ?"

"भात आन् सुकट," तो म्हणाला, आणि पेला तसाच खाली ठेवून दाराकडे पाहू लागला.

मी पेला पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. मग तोच बोलू लागला. "आमचा बाप एकदा मालगुजाराच्या बेगारीले गेला नाई, साहेब. त्यानं आमाले तलावावर येऊ देल्लं नाई. पुरा उन्हाळा. लहान बहीण त्यात उपाशीच गेली. हा तवा मायच्या कडेवर होता, त्याले काय आठवते? मले आठवते."

"पण आता तलाव सरकारचा आहे."

"तुमी म्हनता. मतदान होऊन जाऊ द्या, मंग आनतो त्याले."

भोपळ्या-डांगराची वाडी लावायच्या निमित्तानं त्यानं धाकट्याला बेटावर नेलं होतं आणि बापाची शपथ घालून तिथंच ठेवलं होतं.

आम्ही त्याच्याच डोंग्यातून गेलो. ऊन चढलं होतं. बेटावर पळसाच्या फांद्यांच्या झोपडीपुढे उमेदवार रेतीवर बसला होता. ना दोरी, ना पहारा. मी विचारलं, "तू तर पट्टीचा पोहणारा. आला काऊन नाहीस?"

तो म्हणाला, "आलो असतो, साहेब. मंग यानं जलमभर माया तोंडाकडे पाह्यलं नसतं." आणि भावाकडे वळून बोलला, "दादा, सायबाच्या संगं मी येत नाई. तूच म्हन, चाल. तरच येतो."

थोरल्यानं डोंग्याचा बांबू उचलला आणि एवढंच म्हणाला, "चाल."

काठावर बायको उभी होती. तिनं नवऱ्याला आपादमस्तक पाहिलं, दिराला एक शब्द विचारला नाही आणि दोघांनाही जेवायला घेऊन गेली. धाकट्यानं जबानीत लिहून दिलं की तक्रार नाही. मी प्रकरण तिथंच मिटवलं, आणि वाड्यावर जाऊन मालगुजारालाही तसं सांगितलं.

मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, वर त्याचं चिन्ह. बंदोबस्ताला मी होतो. थोरला भाऊ रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा होता. कपाळावर घाम, पण पाय जागचा हलला नाही. धाकटा थोडक्या मतांनी पडला. पुढच्या आठवड्यात ढिवरांची जाळी नेहमीसारखी तलावात पडली. त्यांना अडवायला कोणी आलं नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं की सत्ता कायद्यानं एका दिवसात जाते, तिची भीती मात्र माणसामाणसातून निघावी लागते, आणि ती काढणं ठाणेदाराच्या हातात नसतं. संशय कोणावर घ्यावा हे गाव सांगतं. तपास मात्र घरापासून सुरू करावा, तिथं प्रेमापोटीही गुन्हे होतात.

माझी बदली एटापल्लीकडे झाली. काही वर्षांनी तोच कोतवाल चांद्याच्या कचेरीत भेटला. मी निवडणुकीचं विचारलं. म्हणाला, "यंदा बी ढीवरच उभा हाये, साहेब. थोरला."